जागल्याची हाक

मोनाली हटवारच्या बोलण्यात काहीतरी बिघडलं आहे, हे सगळ्यांत आधी एका साक्षीदाराच्या लक्षात आलं.

२०४१ सालचा मार्च होता. भंडाऱ्याच्या न्यायालयात मोनाली कर्णबधिरांसाठी दुभाषी म्हणून काम करायची. हातांच्या खुणा वाचून त्यांचे शब्द करणारे कॅमेरे एव्हाना सगळीकडे झाले होते, पण साक्षीच्या वेळी माणूस हवाच, असा नियम होता. कॅमेरा फक्त नोंदीसाठी. त्या दिवशी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात एक म्हातारा शिंपी उभा होता. जन्मापासून त्याला ऐकू येत नव्हतं, पण रस्त्यावरचा अपघात त्यानं डोळ्यांनी पाहिला होता. वकिलांचा प्रश्न मोनालीनं हातांनी त्याला विचारला. तो तिच्या उजव्या हाताकडे बघत राहिला, आणि उत्तर देण्याऐवजी त्यानंच उलट काहीतरी विचारलं.

साक्षीदार काय म्हणतोय, असं न्यायाधीशांनी विचारलं.

"साक्षीदार विचारतोय, दुभाषीबाईंची करंगळी झोपली आहे का," मोनालीनं जसंच्या तसं सांगितलं. थोडं हसू झालं आणि कामकाज पुढे सरकलं.

मोनालीचे आईवडील दोघंही न ऐकणारे होते. तिला ऐकू येत होतं, पण ती तोंडानं बोलायला लागायच्या आधी हातांनी बोलायला लागली होती. ती त्याच भाषेत वाढली, आणि पुढे लोकेशशी लग्न झालं तेही त्या भाषेतच. लोकेश तिच्या वडिलांच्या ओळखीतला, न ऐकणारा, बॅटऱ्या दुरुस्त करणारा. तेव्हा करंगळीबद्दल शिंप्यानं विचारलं ते तिच्या लेखी उच्चाराबद्दल विचारण्यासारखं होतं. घरी आल्यावर तिनं आरशासमोर उभं राहून काही शब्द करून पाहिले. करंगळी आणि शेजारचं बोट बाकीच्यांच्या मागून, आळसावल्यासारखी येत होती. तिनं करंगळी चिमटीत धरून दाबली. दाबणाऱ्या बोटांना करंगळी कळली, करंगळीला बोटं कळली नाहीत.

मनगटाच्या कडेला एक फोड होता. तो कशाचा, हे तिला आठवेना. लोकेशनं बघितलं आणि म्हणाला, कुकरच्या वाफेचा आहे, परवा तू हात तिथंच धरून उभी होतीस, मला वाटलं तुला चालतंय.

*

नागपूरच्या संशोधन रुग्णालयात डॉ. झीनत काझींनी तिला डोळे मिटायला सांगितले आणि नायलॉनचा बारीक दोरा तिच्या हातावर जागोजागी टेकवला. टेकला की हो म्हणायचं. मोनाली वाट बघत बसली. बराच वेळ झाला तसं तिला वाटलं, डॉक्टर फोनवर काही वाचत असतील. तिनं डोळे उघडले. दोरा तळहातावर टेकलेला होता आणि दाबानं वाकलेला होता.

कानाच्या पाळीतून आणि नाकातून नमुने घेतले. तपासणीत निघाला तो कुष्ठरोग. मोनालीला ते ऐकून काही झालं नाही. तिनं पाण्याची बाटली उघडली, एक घोट घेतला, झाकण लावलं. घरी कुणाला होता का, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तिनं माहीत नाही म्हटलं. आता गोळ्या घ्याव्या लागतील का, एवढंच विचारलं.

अडचण तिथंच होती. ज्या गोळ्यांनी लाखो माणसं बरी झाली, त्या तिच्या जंतूवर चालत नव्हत्या. असे निर्ढावलेले जंतू गेल्या दहा-बारा वर्षांत इकडच्या जिल्ह्यांत अधूनमधून सापडत होते. डॉ. काझी त्यांच्यावरच काम करत होत्या. बाई मूळच्या अचलपूरच्या, पन्नाशीच्या, सावकाश बोलणाऱ्या. समोरच्या माणसाला कळलं की नाही हे बघितल्याशिवाय पुढचं वाक्य उच्चारत नसत.

त्यांनी विचारलं, गावात पूर्वी जागल्या असायचा, ठाऊक आहे का? मोनालीनं जागल्या पाहिला नव्हता. रात्री गस्त घालणारा माणूस, एवढं सासूकडून ऐकलं होतं.

डॉक्टर म्हणाल्या, आपल्या कातडीखाली, नाकाच्या अस्तरात तसल्या जागल्या पेशी बसलेल्या असतात. त्या स्वतः फार लढत नाहीत, त्या ओळखतात. त्यांच्या अंगावर ग्राही असतात, जंतूच्या आवरणावरचे ठरावीक आकार चाचपणारे. हे चाचपणं त्यांना कुणी शिकवत नाही, आपण ते घेऊनच जन्माला येतो. कोणत्या ग्राहीला काय लागलं, एकट्याला लागलं की जोडीनं, किती जोरात लागलं, त्यावरून जागल्या वेगवेगळी हाक देतो. टी-पेशी तोवर कोऱ्या असतात. आपण काय व्हायचं, ते त्या हाकेवरून ठरवतात. एका हाकेला त्यांच्यातून लढणाऱ्या निघतात, पेशीच्या आत दडलेल्या जंतूपर्यंत पोचणाऱ्या. दुसऱ्या हाकेला निघतात त्या प्रतिपिंडं बनवून घेतात. ती प्रतिपिंडं रक्तात हिंडतात, पण कुष्ठाचा जंतू पेशीच्या आत राहतो, तिथं त्यांचा काही उपयोग नाही. आणि तिसऱ्या हाकेला निघतात त्या सगळ्यांना शांत करणाऱ्या. त्याही लागतातच, नाहीतर शरीर स्वतःलाच खाईल.

"तुमच्या जागल्यानं चुकीची हाक दिली, मोनालीताई," डॉ. काझी म्हणाल्या. "जंतूला थंड जागा आवडतात आणि नसांचं अस्तर आवडतं. तो तिथं येऊन राहिला, आणि तुमच्या शरीरानं त्याला राहू दिलं. लढाईच झाली नाही. म्हणून ताप नाही, दुखणं नाही. म्हणून तुम्हाला कळलं नाही."

त्यांच्याकडे एक नवं औषध होतं. ग्राहींच्या एका जोडीला ते एकाच वेळी, नेमक्या जोरानं दाबायचं. मग जागल्या पहिली हाक देई आणि नव्यानं तयार होणाऱ्या टी-पेशी लढणाऱ्या निघत. औषधाला नाव नव्हतं, क्रमांक होता. रुग्णालयातल्या परिचारिका त्याला नुसतं हाक म्हणायच्या. अमक्या खाटेला आज हाक द्यायची आहे, असं.

त्यात दोन गोष्टी होत्या, त्या डॉक्टरांनी लपवल्या नाहीत. लढाई होणार ती नसांच्याच आत, कारण जंतू तिथं आहे. नस सुजेल, दुखेल, कदाचित मरेल. स्टेरॉइड दिलं तर सूज उतरते, पण मग लढणाऱ्या पेशीही थंडावतात. आणि दुसरं म्हणजे हाक एकदाच लागू पडते. त्याच त्या दाबाला जागल्या सरावतो, पुढच्या वेळी मान वर करत नाही. प्राण्यांवर आणि माणसांवर दोन्हीकडे त्यांनी ते करून पाहिलं होतं.

*

लोकेशचीही तपासणी झाली. त्याच्या अंगात जंतू सापडला नाही, पण त्याच्या रक्तातले जागले काचेच्या थाळीत त्या जंतूसमोर ठेवले तेव्हा त्यांनीही शांत करणारीच हाक दिली. म्हणजे जंतू त्याच्यात शिरला तर मोनालीसारखाच मुकाट वाढणार. आजवर शिरला नाही हा योग. त्याच्या आईचे जागले मात्र खणखणीत निघाले. सत्तरीची बाई, आयुष्यात कुणाकुणाची दुखणी काढलेली, तिला काही होणार नव्हतं.

या आईचं नाव गिरजाबाई. त्या झाडीबोली बोलायच्या आणि त्यांना मुलाशी बोलता यायचं नाही. लोकेश पाच वर्षांचा असताना कर्णबधिरांच्या शाळेच्या वसतिगृहात गेला, तिथं हातांची भाषा शिकला आणि मोठा होऊन परतला. आईपाशी ये, जा, जेव, थांब एवढ्याच खुणा राहिल्या. फोनला बोलणं अक्षरांत उतरवता यायचं, पण गिरजाबाईंची बोली त्याला धड कळायची नाही, आणि त्यानं उतरवलेलं वाचून लोकेश वैतागायचा. मोनाली सून होऊन आली तेव्हापासून मायलेकांचं सगळं बोलणं तिच्यातूनच जात असे.

त्या दिवशीही तसंच झालं. तिघं बसली होती. गिरजाबाईंनी सगळं ऐकून घेतलं, पदर सारखा केला आणि मोनालीला म्हणाल्या, "त्याले इचार, तुले वेगरी ठेवाची का घरीच."

मोनालीनं हात उचलले आणि नवऱ्याला विचारलं, की आई विचारताहेत, मोनालीला वेगळी ठेवायची की घरीच. तिनं स्वतःचं नाव घेतलं, मी म्हटलं नाही. न्यायालयातली सवय.

लोकेश आईकडे बघत उत्तरला आणि मोनालीनं ते सांगितलं, "तो म्हणतो, ती इथंच राहील."

"अन् त्याले झालं तर?"

तेही तिनं विचारलं. लोकेशनं खांदे उडवले. त्याचं भाषांतर करायची गरज नव्हती. गिरजाबाई उठून आत गेल्या. त्यांनी मोनालीचं ताट वेगळं काढलं नाही, पण मोनालीनंच ते काढलं. त्या दिवसापासून ती बाहेरच्या खोलीत निजू लागली. तिला वाईट वाटायला हवं होतं, असं तिला वाटे. खरं तर ती फक्त रोज पायांचे तळवे आरशात बघायची, कुठं कापलंय का, भाजलंय का, कारण तसं बघायला तिला सांगितलं होतं.

*

जूनमध्ये तिला हाक दिली. दंडात सुई टोचली, बाकी काही नाही. आठवडाभर ती रुग्णालयाच्या गच्चीवर फेऱ्या मारत राहिली. मग एका सकाळी ताप चढला. अंगावरचे जे फिकट चट्टे आजवर कुणाच्या नजरेत आले नव्हते, ते लाल होऊन वर आले. पाठीवर एवढे चट्टे असतील याची तिला कल्पना नव्हती. डॉ. काझी समाधानानं बघत होत्या. रक्तातल्या टी-पेशींची जात बदलली होती, लढणाऱ्या वाढत होत्या.

मग कोपर दुखायला लागलं. कोपराच्या मागच्या खोबणीतून जी नस करंगळीकडे जाते ती दोरखंडासारखी फुगली. नुसती चादर लागली तरी डोळ्यांपुढे अंधारी येई. कित्येक महिन्यांत त्या हातानं तिला काही कळवलं नव्हतं, आता तो एकच गोष्ट अखंड कळवत होता. डॉक्टरांनी कोपरापाशी छेद देऊन नसेवरचा दाब कमी केला. दोन दिवस बरं वाटलं. मग करंगळी आणि अनामिका आतल्या बाजूला वळू लागल्या, आणि सरळ करायचं म्हटलं तरी होईनात.

डॉ. काझींनी दोघांना बसवून सांगितलं. बाकीच्या नसा टिकतील, डावा हातही बहुतेक टिकेल. उजव्या हाताची ही नस आज स्टेरॉइड सुरू केलं तर वाचेल. मात्र लढाई अर्ध्यात थांबेल, जंतू उरतील आणि पुन्हा हाक देता येणार नाही. दुसरं एखादं औषध निघेल तोवर, पाच वर्षांनी, दहा वर्षांनी, जंतू अंगात घेऊन राहावं लागेल. सुरू केलं नाही तर जंतू जातील, पण दोन बोटं जातील, अंगठ्याचा जोर जाईल. निर्णय तुमचा, त्या म्हणाल्या, पण आज संध्याकाळच्या आत.

मोनाली हे सगळं डाव्या हातानं लोकेशला सांगत होती. उजवा फळीला बांधलेला होता. डॉक्टर बाहेर गेल्यावर लोकेश झरझर बोलायला लागला. थांबव, म्हणाला. तू दुभाषी आहेस. ती बोटं म्हणजे तुझं बोलणं आहे. मला जे व्हायचं ते होईल, आणि होईलच कशावरून? आपण काळजी घेऊ, खिडक्या उघड्या ठेवू, तोंडाला पट्टी बांधू. तू बाहेरच्या खोलीत निजतेसच. त्याचे हात वेगानं, स्वच्छ चालत होते. कर्णबधिरांच्या संमेलनात लोक त्याला गोष्ट सांगायला उभं करायचे ते याच हातांसाठी.

मोनाली त्याचं बोलणं संपेपर्यंत थांबली. मग तिनं डावा हात उचलला.

"मला दुसरी भाषा आहे," ती म्हणाली. "तुला नाही."

लोकेश समजला नाही, किंवा समजून न समजल्यासारखा राहिला.

"तुझे हात," ती म्हणाली. "तुझ्या हातांचं असं झालं तर तू कुठं बोलशील?"

त्यानं डोळे मिटून घेतले. न ऐकणाऱ्या माणसानं डोळे मिटले की बोलणं संपतं, त्याला पुढे काही सांगता येत नाही. मग मोनालीनं परिचारिकेला बोलावून तोंडानं सांगितलं, की डॉक्टरांना निरोप द्या, थांबवायचं नाही.

*

पावसाळा संपता संपता तिचे नमुने स्वच्छ आले. आता तिच्यापासून कुणाला धोका नव्हता. उजव्या हाताची करंगळी आणि अनामिका तळव्याकडे आकडीसारखी वळून राहिली होती. अंगठा आणि तर्जनीच्या मधला मांसल भाग खचून तिथं खड्डा पडला होता. पुढच्या वर्षी शस्त्रक्रिया करून बोटं बरीचशी सरळ करता येतील, पण चपळाई येणार नाही, असं डॉ. काझी म्हणाल्या. मोनालीनं बघू म्हटलं.

ती न्यायालयात परत गेली. पहिल्याच दिवशी नोंदीच्या कॅमेऱ्यानं तिच्या वाक्यांपुढे 'अस्पष्ट' असं लिहायला सुरुवात केली. दर तिसऱ्या-चौथ्या शब्दाला अस्पष्ट. साक्षीदाराला सगळं समजत होतं, त्यानं तसं सांगितलंही, पण नोंद कॅमेऱ्याची धरतात. न्यायालयातले लोक चांगले होते. त्यांनी तिला अभिलेख कक्षात जागा दिली, जिथं हात फक्त फायली उचलायला लागत. मोनालीनं ती घेतली. फायली डाव्या हातानं उचलता येत होत्या.

घरी लोकेश तिच्याशी भांडला नाही. तो कामावर जाई, येई, जेवी. तिचं ताट आता पुन्हा सगळ्यांच्या ओळीत होतं, आणि तो शेजारीच बसे. फक्त तिच्या उजव्या हाताकडे तो बघत नसे. ती बोलायला लागली की त्याची नजर तिच्या खांद्यावर, नाहीतर दारावर जाई. ती डाव्या हातानं बोलली तर तो एका शब्दात उत्तर देई. एकदा तिनं सरळच विचारलं, की राग आहे का. तो म्हणाला, तू माझ्यासाठी केलंस असं तू म्हणतेस. मी मागितलं नव्हतं. आता रोज तुझा हात बघायचा आणि रोज ते लक्षात ठेवायचं, हे मला जमत नाही.

त्याचं म्हणणं बरोबर आहे, एवढंच मोनालीला वाटलं. रडू येतं का, म्हणून ती थोडी थांबली. आलं नाही. तिनं ओटा पुसायला घेतला.

या सगळ्यात अडली ती गिरजाबाईंची गाडी. मुलाला काही सांगायचं तर सुनेला सांगावं लागे, आणि मुलगा सुनेच्या हाताकडे बघेना. आतेभावाकडचं बारसं लोकेशला कळलंच नाही, तो त्या दिवशी कामावर निघून गेला. गिरजाबाई दारात उभ्या राहून त्याच्या पाठीला हाका मारत राहिल्या. त्या हाकांचा उपयोग नाही हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

त्या दुपारी मोनाली तांदूळ निवडत होती तेव्हा गिरजाबाई समोर येऊन बसल्या. बारसं कसं सांगतात, असं त्यांनी विचारलं. मोनालीनं करून दाखवलं. मग पाहुणे कसे म्हणतात, उद्या कसं म्हणतात, दुखतं कसं म्हणतात. मोनालीला वाटलं, दोन दिवसांची हौस असेल. पण म्हातारी रोज यायला लागली. भांडी झाली की हात पुसून समोर बसायची आणि आज काय, असं नजरेनंच विचारायची. शब्द एकदा बघायची, दुसऱ्यांदा करायची, आणि जमला की मान हलवून पुढचा मागायची. चाळीस वर्षं का नाही शिकलात, असं मोनालीनं एकदा विचारलं. गिरजाबाई म्हणाल्या, की पहिल्यांदा लाज वाटे, लोक पाहतात म्हणून. मग तू आलीस, तेव्हा गरज पडली नाही.

मोनाली शिकवत होती, पण बघत नव्हती. शिकवणं हेही एक काम होतं, फायली उचलण्यासारखं. म्हणून गिरजाबाईंच्या हाताकडे तिचं नीट लक्ष गेलं नाही.

जानेवारीतल्या एका रविवारी लोकेश मागच्या अंगणात उन्हात बसून कुठलीशी बॅटरी उघडत होता. जेवणं खोळंबली होती. मोनाली त्याला बोलवायला निघाली तेव्हा गिरजाबाईंनी तिला हातानं थांबवलं आणि स्वतः बाहेर गेल्या. त्या लोकेशच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या, त्याच्या खांद्यावर थाप मारून त्याला वर बघायला लावलं, आणि उजवा हात उचलून बोलायला लागल्या.

सावकाश, एकेक शब्द वेगळा काढत. वरण निवत आहे. जेवायला चल. मग थोडं थांबून, पुढचं जणू शोधून काढत: ती वाट बघते. तू तिच्याकडे बघत नाहीस. हे चांगलं नाही.

लोकेशच्या हातातली पक्कड तशीच राहिली. आई त्याच्याशी बोलत होती. मोनाली दारात उभी होती, आणि आता तिला दिसलं. गिरजाबाईंची करंगळी आणि अनामिका प्रत्येक शब्दात आत वळलेली होती. जिथं हात पसरायचा तिथंही वळलेली. म्हातारीनं शब्द ज्या हातावर पाहिले होते तसेच उचलले होते. शब्द असेच असतात, अशी तिची समजूत होती.

लोकेश उठला. आपलं काही चुकलं की काय, अशा चेहऱ्यानं गिरजाबाई त्याच्याकडे बघायला लागल्या. त्यानं त्यांचा उजवा हात आपल्या हातात घेतला. शाळेत लहान मुलांचा हात धरून शब्द दुरुस्त करतात तसं त्यानं त्यांची करंगळी चिमटीत धरली आणि सरळ केली. मग शेजारचं बोट सरळ करायला गेला, आणि तिथंच थांबला.

बराच वेळ तो आईचा हात धरून उभा होता. मोनालीला त्याची फक्त पाठ दिसत होती. मग त्यानं ते बोट सोडून दिलं. करंगळीही सोडली. ती दोन्ही बोटं पुन्हा आत वळली. मोनालीचीच खोड होती ती, गिरजाबाईंनी मेहनतीनं उचललेली.

त्यानं आईला उत्तर दिलं, की येतो, हात धुऊन येतो. हे बोलताना त्यानं स्वतःची दोन बोटं वळवली होती. ते त्याला नीट जमलं नाही. धडधाकट बोटं वळवून ठेवायला कष्ट पडतात, ती सारखी उघडू बघतात. त्यानं वाक्य मध्येच सोडलं, पुन्हा वळवली आणि पहिल्यापासून म्हटलं.

गिरजाबाईंना त्यात काही वेगळं दिसलं नाही. आपण बोललो आणि मुलाला कळलं, एवढ्यानंच त्या खूश होत्या. त्या आत निघाल्या. दारात मोनालीपाशी आल्यावर म्हणाल्या, "येऊन रायला तो. पानं घे."

लोकेश नळावर हात धूत होता. हात झटकून तो वळला. दारात बायको उभी होती. तिचा उजवा हात चौकटीवर होता, आणि तो त्या हाताकडे बघत होता. ओल्या हातांनी तसाच उभा राहून, ती काही म्हणते का, याची वाट बघत होता.

आपल्याला काय वाटतं आहे, ते मोनालीला लगेच कळलं नाही. कोपरापासून वर कुठंतरी काहीतरी दुखत होतं, पण ते जुनंच असेल. मग तिनं चौकटीवरचा हात काढला, आणि त्याच हातानं, वरण निवतंय, एवढंच म्हणाली.